केंद्रकाचा सांगाडा : एका शोधाची हकीकत

कांद्याच्या पाकळीच्या आतल्या अंगाचा पातळ पापुद्रा अलगद सोडवावा, काचपट्टीवर पसरावा, वर आयोडीनचा एक थेंब टाकावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरावा. विटांच्या भिंतीप्रमाणे रचलेल्या लांबट पेशी दिसू लागतात, आणि प्रत्येक पेशीत एकेक तपकिरी ठिपका दिसतो. हे पेशीचे केंद्रक होय. आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत हा प्रयोग केलेला असेल व परीक्षेनंतर तो विसरलाही असेल. मीही विसरलो होतो. परंतु गेल्या वर्षी माझ्या कन्येने शाळेतून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली तोच ठिपका मला दाखविला आणि विचारले, "बाबा, हा गोळा गोल राहतो कसा? आतून त्याला कोण धरून ठेवतं?"

मी इतिहासाचा विद्यार्थी. पुढे वीस वर्षे सरकारी कागदांत गेली. उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की, या साध्या प्रश्नालाच एक इतिहास आहे. आणि त्या इतिहासात राज्यांच्या इतिहासाप्रमाणेच तर्क, घाई, चुकीची कागदपत्रे आणि कबुलीजबाब हे सारे आहे. आज मी सांगणार आहे ती ही हकीकत.

प्रश्न किती बिकट आहे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. केंद्रकात आनुवंशिकतेचे द्रव्य, म्हणजे डीएनएचे धागे, साठविलेले असतात. माणसाच्या एका पेशीतील हे धागे एकापुढे एक जोडून सरळ केले, तर त्यांची लांबी सुमारे दोन मीटर भरते. कांदा या बाबतीत आपल्याहून श्रीमंत आहे. त्याचा जनुकसंच माणसाच्या पाचपट मोठा असल्यामुळे त्याच्या एका पेशीतील धागा दहा मीटरांच्याही पुढे जातो. आणि हा सारा ऐवज ज्या कोठीत ठेवायचा, तिचा व्यास मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांएवढा! बरे, हे धागे नुसते कोंबून भागत नाही. त्यांतील हवा तो भाग हव्या त्या वेळी वाचता आला पाहिजे. दप्तरखान्यात ज्याने उमेदवारी केली आहे त्याला रचून ठेवणे आणि सापडेल असे ठेवणे यांतील अंतर सांगावे लागत नाही. तेव्हा कोठीला भिंत हवी, भिंतीला आतून आधार हवा, आणि धाग्यांना अडकविण्यासाठी खुंट्या हव्यात. या भिंती व खुंट्या कशाच्या आहेत?

केंद्रकाचा शोध वनस्पतींत लागला, ही गोष्ट सहसा लक्षात राहत नाही. रॉबर्ट ब्राउन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३१ च्या नोव्हेंबरात लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे एक निबंध वाचला. विषय होता आमरे, म्हणजे ऑर्किडे, आणि रुईच्या कुळातील झाडे यांच्यात फलधारणा कशी होते हा. हा ब्राउन तरुणपणी लष्करात वैद्यकीय साहाय्यक होता. पुढे १८०१ मध्ये फ्लिंडर्स या दर्यावर्दीबरोबर तो ऑस्ट्रेलियाच्या सफरीवर गेला आणि हजारो वनस्पती घेऊन परतला. त्याच्या हाती होता तो एका भिंगाचा साधा सूक्ष्मदर्शक. त्यातून आमरांच्या पानावरील पापुद्रा पाहताना प्रत्येक पेशीत एक गोल, किंचित अपारदर्शक वर्तुळ असल्याचे त्याला दिसले. त्याने ते नमूद केले व त्याला 'न्यूक्लियस' असे नाव दिले. निबंधाच्या ओघात, जाता जाता केलेली ही नोंद. फ्रान्झ बाउअर नावाच्या चित्रकाराने आमरांच्या पेशींची चित्रे काढताना हेच वर्तुळ आपल्या आधी रेखाटले होते, हेही ब्राउनने सांगून टाकले. या बाउअरचा सख्खा भाऊ फर्डिनांड हा ऑस्ट्रेलियाच्या सफरीत ब्राउनचा सोबती होता. श्रेय वाटून देण्याची ही वृत्ती मला ब्राउनच्या शोधाइतकीच मोलाची वाटते.

त्यानंतरच्या घाईचा मान श्लायडेन या जर्मन पंडिताकडे जातो. १८३८ मध्ये त्याने असे प्रतिपादन केले की, द्रवात खडीसाखरेचा स्फटिक जमावा त्याप्रमाणे आधी केंद्रक जमते आणि त्याभोवती नवी पेशी वाढते. सर्व वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात, हे त्याचे म्हणणे खरे ठरले. पेशी अशी स्फटिकासारखी जन्मते, हे साफ चुकीचे निघाले. पेशी पेशीपासूनच होते.

केंद्रकाच्या आत काय आहे, हे रसायनशास्त्राने सांगितले. १८६९ मध्ये ट्युबिंगेन येथे फ्रीडरिक मीशर या तरुण स्विस संशोधकाने शस्त्रक्रियेच्या रुग्णालयातून पुवाने भरलेल्या पट्ट्या मागविल्या, त्या धुतल्या, आणि त्यांतील पेशींच्या केंद्रकातून एक नवेच आम्लधर्मी द्रव्य वेगळे काढले. ते म्हणजे आजचे डीएनए. पुढे १८८४ मध्ये आल्ब्रेख्ट कोसेल याने हंसाच्या रक्तपेशींतून हिस्टोन नावाचे प्रथिन मिळविले. पक्ष्यांच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक असते, आपल्यांत नसते, म्हणून हंस. डीएनएचा धागा हिस्टोनांच्या गुंडाळ्यांवर रिळावरील दोऱ्याप्रमाणे गुंडाळलेला असतो, हे मात्र १९७४ च्या सुमारास स्पष्ट झाले.

याच हिस्टोनांपाशी एक असा शोध लागला की, त्याने पुढील वीस-पंचवीस वर्षांच्या विचाराला वळण दिले. आणि माझ्या मते थोडे आडवळणही. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी हिस्टोनांपैकी एच-४ या प्रथिनाची घडण अक्षरशः दाणा न् दाणा तपासली. ते एकदा वासराच्या ग्रंथीतून घेतले आणि एकदा वाटाण्याच्या कोवळ्या रोपातून. या प्रथिनाच्या माळेत १०२ दाणे असतात. वासरू आणि वाटाणा यांच्या माळांत फरक निघाला तो अवघ्या दोन दाण्यांचा. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी ज्यांच्या वाटा फुटल्या त्या दोन कुळांत शंभर दाणे जसेच्या तसे! ज्याने हे वाचले त्याच्या मनात पुढचा तर्क आपोआप उभा राहिला असणार : केंद्रकातील रीळ जर इतके सारखे, तर भिंतही सारखीच असली पाहिजे.

भिंतीचा शोध प्राण्यांत चालू होताच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर केंद्रकाचे आवरण दुपदरी असते आणि त्यात जागोजाग छिद्रे असतात, हे दिसले होते. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात आरन्सन आणि ब्लोबेल यांनी उंदराच्या यकृतातील केंद्रके घेतली, त्यांतील डीएनए काढून टाकले, आवरणातील स्निग्ध द्रव्य धुऊन काढले. आणि तरीही केंद्रकाचा आकार कायम ठेवणारा एक पातळ पापुद्रा शिल्लक उरला. १९७८ मध्ये हा पापुद्रा मुख्यतः तीन प्रथिनांचा असल्याचे सिद्ध झाले. त्यांना पुढे लॅमिन हे नाव मिळाले. १९८६ मध्ये तर बेडकाच्या अंड्यातील केंद्रकात लॅमिनच्या तंतूंची उभ्या-आडव्या विणीची जाळी प्रत्यक्ष दिसली, खाटेच्या सुतळीसारखी. त्याच वर्षी असेही कळले की, लॅमिन हे आपल्या केसांत व नखांत असणाऱ्या केराटिनच्याच गोतावळ्यातील आहे.

या ग्युंटर ब्लोबेलविषयी येथे दोन शब्द सांगण्याचा मोह आवरत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, निर्वासित कुटुंबातला लहान मुलगा म्हणून त्याने ड्रेस्डेन शहर पाहिले होते. ते बाँबहल्ल्यात जळून जाण्यापूर्वी थोडेच दिवस. १९९९ मध्ये, प्रथिने पेशीत आपापल्या जागी कशी पोहोचतात या संशोधनासाठी, त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. ती रक्कम त्याने ड्रेस्डेनच्या पुनर्बांधणीसाठी, तेथील पडलेले मोठे चर्च आणि ज्यूंचे प्रार्थनामंदिर यांसाठी, देऊन टाकली.

लॅमिनचे महत्त्व केवळ पुस्तकी नाही. काही बालके वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासूनच वृद्ध दिसू लागतात. केस गळतात, कातडी सुरकुतते, रक्तवाहिन्या कठीण होतात, आणि बहुतेक जण तारुण्याच्या उंबरठ्यावरच दगावतात. हा दुर्मीळ रोग लॅमिनच्या जनुकातील एका दोषाने होतो, हे २००३ मध्ये कळले. केंद्रकाची भिंत सुरकुतली की माणूस सुरकुततो, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे.

आता वनस्पतींकडे वळू. येथे प्रत्येक पेशीभोवती सेल्युलोजची टणक तटबंदी असते. परंतु केंद्रक त्या तटापासून दूर, आत तरंगते. ते पेशीत इकडून तिकडे सरकते आणि प्रसंगी लांबोळेही होते. त्याला स्वतःचा आधार हवाच. तो शोधण्यासाठी प्रतिपिंडांचा उपयोग करण्यात आला. प्रतिपिंड म्हणजे ओळख पटविणारा रेणू : ज्या प्रथिनाविरुद्ध तो तयार केलेला असेल त्याला जाऊन चिकटावे, हा त्याचा धर्म. प्राण्यांच्या लॅमिनविरुद्ध आणि त्याच्या गोतावळ्याविरुद्ध तयार केलेले प्रतिपिंड वनस्पतींच्या केंद्रकांवर सोडले, तो ते चिकटले! १९९२ मध्ये वाटाण्यात लॅमिन असल्याचा पुरावा मिळाल्याचे अमेरिकेतून प्रसिद्ध झाले. १९९३ मध्ये माद्रिदच्या सुसाना मोरेनो दिआस दे ला एस्पिना आणि त्यांच्या सहकारी यांनी कांद्याच्या केंद्रकातील लॅमिनांचे वर्णन केले. वासरू-वाटाण्याच्या माळेवरून बांधलेला तर्क खरा ठरला, असेच कोणालाही वाटले असते.

परंतु ओळखपत्रावरील छायाचित्र जुळले म्हणून माणूस तोच असतो असे नाही, हे कोणताही महसूल अधिकारी सांगेल. लॅमिन हे प्रथिन दोन सर्पिल दोरांना पीळ द्यावा तसे वळलेले असते. असा पीळ इतरही अनेक प्रथिनांत असतो, आणि प्रतिपिंड त्या सारखेपणालाही फसू शकतो. प्रयोग चुकीचे नव्हते. तेथे काहीतरी होते खास. त्या काहीतरीला नाव मात्र दुसऱ्याचे दिले गेले.

याच सुमारास जपानच्या होक्काइदो बेटावर कियोशी मासुदा यांनी निराळी वाट धरली. प्राण्यांचे नमुने घेऊन वनस्पतीत तेच शोधण्याऐवजी त्यांनी गाजराच्या पेशी वाढविल्या, त्यांची केंद्रके अलग केली, धुऊन धुऊन जो सांगाडा उरला त्याविरुद्धच नवे प्रतिपिंड करविले, आणि त्यांपैकी कोणता केंद्रकाच्या कडेला जाऊन बसतो ते पाहिले. म्हणजे प्रश्न गाजरालाच विचारला. १९९७ मध्ये त्यांनी या कडेच्या प्रथिनाचे जनुक वाचून प्रसिद्ध केले. प्रथिन लांबलचक, आकाराने लॅमिनच्या जवळजवळ दुप्पट. मधला मोठा भाग पीळदार, लॅमिनसारखाच. परंतु दाण्यांची माळ मात्र लॅमिनशी जुळेना. त्याचे नाव ठेवले एनएमसीपी-१, म्हणजे 'केंद्रकाच्या सांगाड्यातील घटक प्रथिन, क्रमांक एक'. इतके कोरडे नाव सरकारी ठरावातही क्वचितच आढळेल. पण त्यात एक प्रामाणिकपणा आहे. जे ठाऊक होते तेवढेच त्या नावात आले.

निकाल लागला तो २००० च्या डिसेंबरात. अ‍ॅरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील चिमुकल्या रोपट्याचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला. वनस्पतींपैकी हा पहिलाच. आता अंदाजाचे कारण उरले नाही, यादी समोर होती. त्या यादीत लॅमिनचे जनुक नव्हते. केराटिनच्या गोतावळ्यातील एकही खरा सदस्य नव्हता. गाजरातील प्रथिनाचे मात्र चार सगे त्यात हजर होते.

हे चार सगे काय काम करतात, हे पाहण्याचा उपाय त्यांना एकेक करून काढून टाकणे हा. २००७ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथे एरिक रिचर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांपैकी दोन जनुके निकामी झालेली रोपे तपासली. केंद्रके लहान झाली होती. दोन्ही जनुके गेलेल्या रोपांत अधिकच लहान, आणि सबंध रोपटेही खुजे. डीएनए कमी झाल्याने केंद्रक आक्रसले असते तर नवल नव्हते. पण डीएनए होते तेवढेच होते. सामान तेवढेच, कोठी मात्र आटलेली. त्यांनी या जनुकांना 'लहान केंद्रके' या अर्थाचे इंग्रजी नाव देऊन संक्षेप केला 'लिंक'. दुर्दैवाने केंद्रकाच्या आवरणातीलच दुसऱ्या एका जोडणीला आदल्या वर्षी हेच संक्षिप्त नाव मिळालेले होते. एकाच नावाच्या दोन फायली एकाच कपाटात असल्या म्हणजे काय होते, ते मी सांगायला नको. २०१३ मध्ये नाव बदलून 'दाटलेली केंद्रके' या अर्थाने 'क्राउन' असे करण्यात आले. चारही क्राउन जनुके एकदम काढून टाकली तर रोप जगतच नाही, हेही तेव्हा दिसून आले.

क्योतो येथील संशोधकांनी २०१४ मध्ये या चौकडीचा आणखी एक साथीदार शोधला आणि त्याचे नाव ठेवले 'काकू-४'. मराठी श्रोत्यांनी दचकू नये. जपानी भाषेत 'काकू' म्हणजे केंद्रक. ही काकू क्राउनच्या हातात हात घालून केंद्रकाच्या आतल्या कडेला उभी असते. ती नसली तर केंद्रकाचा आकार बिघडतो आणि ती प्रमाणाबाहेर झाली तर आवरणाला घड्या पडतात. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे वर्णन ओळखीचे वाटावे.

भिंत केवळ भिंत नाही, हे यानंतर हळूहळू कळत गेले. डीएनएचे काही भाग क्राउनच्या आधाराने कडेला बांधून ठेवलेले असतात. काही क्राउन प्रथिने नाहीशी झाली, तर रोपटे रोगाचा हल्ला झाल्यासारखे वागू लागते : रोगप्रतिकारासाठी लागणारे सॅलिसिलिक आम्ल ते कारण नसताना भरमसाट तयार करते, आणि त्या व्यर्थ युद्धसज्जतेत त्याची वाढ खुंटते. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. बियांची गोष्ट तर त्याआधीची, २०११ ची. अ‍ॅरॅबिडॉप्सिसचे बी पक्व होऊ लागले की त्यातील केंद्रके आक्रसतात, आतील धागे घट्ट आवळले जातात. आणि बी भिजून रुजू लागले की ती पुन्हा फुगतात. या पुन्हा फुगण्यातही क्राउन कुटुंबाचा हात असल्याचे त्याच संशोधनात दिसले. आपण रात्री मटकी भिजत घालतो आणि सकाळी तिला मोड आलेले पाहतो. तिच्या केंद्रकांतूनही असेच काही घडत असेल काय, असे मला आता दर वेळी वाटते.

लॅमिन ही केंद्रकाच्या आधाराची एकच रीत नव्हे, हे २०१२ मध्ये आणखी एका बाजूने दिसले होते. आफ्रिकेतील निद्रारोगाच्या सूक्ष्म परजीवीत हेच काम करणारे तिसऱ्याच घडणीचे प्रथिन सापडले. तर मातीत राहणाऱ्या एका अमीबासारख्या जीवात, ज्याच्यात लॅमिन असण्याची कोणाची फारशी अपेक्षा नव्हती, त्याच्यासारखेच प्रथिन निघाले. छपराला आधार सर्वत्र लागतो. कोठे सागवानी तुळया घालतात, कोठे माडाचे वासे, कोठे चिऱ्याच्या कमानी. मग रिळात मात्र वासरू आणि वाटाणा एक कसे? रिळाभोवती डीएनएचा धागा बसला पाहिजे आणि धागा सर्वांचा एकच, म्हणून रीळ बदलायला वाव नव्हता. भिंतीला तो असावा. हे माझे सामान्य माणसाचे अनुमान आहे, ते तेवढ्याच किमतीने घ्यावे.

कांद्याचे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. २०१३ मध्ये कांद्याच्या केंद्रकातील आधारप्रथिनाविषयी एक निबंध प्रसिद्ध झाला. कांद्यातही गाजरासारखेच एनएमसीपी-१ असते, ते केंद्रकाच्या कडेला लॅमिनच्याच जागी बसते, लॅमिनचेच काम करीत असावे, पण लॅमिन नव्हे, असा त्याचा आशय होता. निबंधाच्या लेखकांत मासुदा होते; आणि वीस वर्षांपूर्वी त्याच कांद्यात लॅमिन असल्याचे ज्यांनी लिहिले होते, त्या माद्रिदच्या मोरेनो दिआस दे ला एस्पिना याही होत्या. कन्येला मी हे सांगितले तेव्हा ती काचपट्टी धूत होती. तिने विचारले, "म्हणजे त्यांनी स्वतःच बदललं?" मी होय म्हणालो. तिने काचपट्टी पुसली, कांद्याचा नवा पापुद्रा सोडविला आणि पुन्हा पाहू लागली.